उपरत्नांची निगा : आधी ओळख, मग सफाई

गुजरातमधील लोथल येथे पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९५५ पासून झालेल्या उत्खननात मणी घडविणाऱ्या कारागिरांची एक कर्मशाळा उजेडात आली. हडप्पा संस्कृतीतील त्या कारागिरांनी घडविलेले अकीकाचे मणी चार हजार वर्षे मातीखाली पडून होते. तरीही वरची माती दूर झाल्यावर त्यांची तांबूस तकाकी पुन्हा डोळ्यांत भरली.

याउलट आमच्या घरातील पोवळ्यांची एक माळ अवघ्या अर्ध्या तासात निस्तेज झाली. दिवाळीपूर्वीची आवराआवर चालली होती. चांदीची निरांजने आणि वाट्या उजळण्यासाठी घमेल्यात लिंबाचा रस पिळलेले गरम पाणी तयार होते. आजीच्या माळेची चांदीची कडी काळवंडली होती, म्हणून तीही मी त्याच पाण्यात टाकली. बाहेर काढली तेव्हा कडी लखलखत होती; पोवळी मात्र खडूसारखी पांढुरकी व खरखरीत झाली होती. आईने माळ उजेडाकडे धरली आणि ती एवढेच म्हणाली, "आजी पोवळ्यांना नुसते पाणीसुद्धा लागू देत नसत. तुला सांगायचे माझ्याकडून राहून गेले."

दोष पोवळ्यांचा नव्हता आणि लिंबाचाही नव्हता. चांदीला जे मानवते ते पोवळ्याला मानवत नाही, ही साधी गोष्ट माहीत नसल्याचा तो परिणाम होता. सोन्याचांदीची सफाई आपण वडीलधाऱ्यांचे पाहून शिकलेलो असतो. त्यात जडविलेल्या खड्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. म्हणूनच उपरत्नांच्या दागिन्यांची निगा कशी राखावी, याविषयी काही उपयुक्त माहिती येथे देत आहोत.

उपरत्ने म्हणजे कोणती?

आपल्या परंपरेत हिरा, मोती, माणिक, नीलम आणि पाचू ही पाच महारत्ने, तर गोमेद, पुष्कराज, वैदूर्य आणि पोवळे ही उपरत्ने मानली जातात. आजच्या बाजारात मात्र हिरा, माणिक, नीलम आणि पाचू वगळता उरलेल्या बहुतेक सर्व खड्यांना सरसकट उपरत्ने म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांत अकीक, स्फटिक, जांभळा ॲमेथिस्ट, पिवळसर सुनेला, लालसर गार्नेट, निळा पेरोज म्हणजेच फिरोजा, गडद निळा लाजवर्द, चंद्रकांत, ओपल, मॅलाकाइट अशा अनेकांचा समावेश होतो. मोती व पोवळे हे खरे तर पाषाण नव्हेतच. ती जलचर जीवांची निर्मिती आहे. तरीही निगेच्या दृष्टीने त्यांचा विचार येथेच करणे योग्य ठरेल.

ही विभागणी किंमत व परंपरा यांवर आधारलेली आहे. टिकाऊपणाशी तिचा संबंध नाही. महारत्नांत गणला जाणारा मोती नखाने ओरखडता येत नसला, तरी साध्या सुईने ओरखडतो. आणि तुलनेने स्वस्त असलेला अकीक चार हजार वर्षे टिकतो. त्यामुळे खडा किती महाग आहे यापेक्षा तो कशाचा बनलेला आहे, हे जाणून घेणे अधिक महत्त्वाचे.

धूळ पुसतानाही सावधगिरी

फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची एक श्रेणी तयार केली. शंखजिरे सर्वांत मऊ म्हणून १ आणि हिरा सर्वांत कठीण म्हणून १०. या श्रेणीत गारगोटीचे स्थान ७ आहे. अधिक क्रमांकाचा पदार्थ कमी क्रमांकाच्या पदार्थावर ओरखडा उठवितो, एवढा साधा नियम.

या नियमाचा घरातील दागिन्यांशी निकटचा संबंध आहे. आपल्या घरात साचणाऱ्या धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळे ज्या खड्यांचे काठिण्य ७ पेक्षा कमी आहे, त्यांच्यावरची धूळ कोरड्या कापडाने खसाखसा पुसली तर तीच धूळ पॉलिश-कागदासारखे काम करते. मोत्याचे काठिण्य सुमारे २.५ ते ४.५, पोवळ्याचे ३ ते ४, मॅलाकाइटचे ३.५ ते ४, पेरोज व लाजवर्द यांचे ५ ते ६, तर चंद्रकांताचे ६ ते ६.५ आहे. काही वर्षांनी हे खडे 'म्हातारे' दिसू लागतात, त्याचे एक कारण असे पुसणे हे असते. धूळ प्रथम मऊ कुंचल्याने अलगद झटकावी आणि मगच किंचित ओलसर, मऊ मलमलीने खडा टिपावा.

काठिण्य म्हणजे मजबुती नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. पुष्कराजाचे काठिण्य ८ आहे. पण त्याच्या स्फटिकात एक अशी दिशा असते की त्या रोखाने आघात झाल्यास तो सरळ चिरतो. चंद्रकांताचेही तसेच. हातातील अंगठी ओट्याच्या कडप्प्यावर आपटणे या खड्यांना महागात पडते.

एकाला आच, दुसऱ्याला काच

भरूच व राजपीपळा परिसरातील रतनपूरच्या खाणींतून निघणारा अकीक खंबायतच्या कारागिरांकडे येतो. लाव्हारसापासून बनलेल्या दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत तो जन्मलेला असतो. कच्चा अकीक बहुधा पिवळसर-तपकिरी असतो. तो उन्हात वाळवून मातीच्या भांड्यांत घालतात आणि मंद आचेवर भाजतात. त्यातील लोहाच्या संयुगांमधील पाण्याचा अंश निघून जातो आणि दगडाला प्रसिद्ध लाल रंग चढतो. हा रंग पक्का असतो. लोथलच्या कारागिरांनाही ही विद्या अवगत होती.

आता ॲमेथिस्टकडे पाहा. तोही अकीकाप्रमाणे गारगोटीच्याच कुळातला. त्याचाही रंग लोहामुळेच येतो. परंतु त्याला तीव्र आच दिली तर जांभळा रंग उडून तो पिवळा होतो. बाजारात सुनेला म्हणून विकले जाणारे पुष्कळसे खडे हे वस्तुतः असे तापविलेले ॲमेथिस्टच असतात. प्रखर उन्हात दीर्घकाळ राहिल्यानेही त्याचा रंग फिका पडतो. एकाच कुळातील दोन भावंडांचा स्वभाव इतका भिन्न असेल, तर निरनिराळ्या कुळांतील खड्यांना एकाच पाण्यात धुणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

दागिना दुरुस्तीस देताना हे विशेष लक्षात ठेवावे. डाग देताना सोनार ज्योत वापरतो. त्या उष्णतेने ॲमेथिस्टचा रंग बदलू शकतो, ओपलला तडा जाऊ शकतो आणि मोत्याची तर हानी होणारच. "खडा काढून मगच डाग द्यावा," असे आपण स्वतः सांगावे आणि पावतीवर लिहून घ्यावे.

पाणी कोणाला चालते?

स्फटिक, ॲमेथिस्ट, सुनेला, अकीक आणि गार्नेट हे खडे उघड्या कोंदणात, म्हणजे मागील बाजू मोकळी असलेल्या दागिन्यात बसविलेले असतील, तर त्यांची सफाई घरी करण्यास हरकत नाही. एका वाडग्यात कोमट पाणी घ्यावे, त्यात सौम्य साबणाचे किंवा रिठ्याच्या पाण्याचे थोडे थेंब टाकावेत. दागिना त्यात मिनिटभर ठेवून लहान मुलांच्या मऊ दातघासणीने खड्याची मागील बाजू हलक्या हाताने घासावी. खड्याची चमक कमी होते ती बहुधा मागे साचलेल्या साबणाच्या व तेलाच्या थरामुळे. वरून कितीही घासले तरी ती परत येत नाही. नंतर स्वच्छ कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडावर सावलीत वाळवावे.

पाणी कोमटच हवे. कढत पाण्यातून काढलेला खडा थंड पाण्याखाली धरल्यास त्याला सूक्ष्म तडे जाऊ शकतात. दागिने मोरीत अथवा वाहत्या नळाखाली धुऊ नयेत. सुटा झालेला बारीक खडा नाहीसा होण्यास एक क्षण पुरतो.

आणि कोणाला चालत नाही?

मोती आणि पोवळे हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे ज्या द्रव्याचा चुनखडक बनतो त्याच द्रव्याचे असतात. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतील आम्ल या द्रव्याला विरघळविते. घामही बहुधा किंचित आम्लधर्मी असतो. म्हणून मोत्यांचा दागिना उतरविल्यावर लगेच ओलसर मलमलीने पुसावा, थोडा वेळ वाऱ्यावर राहू द्यावा आणि मगच डबीत ठेवावा. तन्मणी किंवा चिंचपेटी पाण्यात बुडवू नये. रेशमी दोरा भिजला की ताणतो, मळ धरतो आणि पुढे कुजतो.

पेरोज सच्छिद्र असतो. तेल, अत्तर, साबण, हळद जे लागेल ते तो शोषून घेतो आणि त्याचा आकाशी रंग हळूहळू हिरवट होतो. लाजवर्दात पांढरे कॅल्साइट मिसळलेले असते. तेही आम्लाने खाल्ले जाते. शिवाय हलक्या प्रतीच्या लाजवर्दाला रंग दिलेला असण्याची शक्यता असते. नखरंग काढण्याच्या द्रवाचा थेंब पडला तरी तो रंग उतरतो. मॅलाकाइट हे तांब्याचे कार्बोनेट असल्याने आम्ल आणि अमोनिया दोन्ही त्याचे शत्रू. ओपलमध्ये मुळातच पाण्याचा अंश असतो. फार कोरड्या व उष्ण जागी तो अंश कमी होऊन खड्यास तडे जाण्याचा संभव असतो. या सर्वांसाठी ओलसर कापड हीच सफाईची परमावधी समजावी.

कुंदनाच्या दागिन्यांविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. या कामात खड्याच्या मागे चकाकता पातळ वर्ख असतो आणि पोकळीत लाख भरलेली असते. पाणी आत शिरले की वर्ख काळा पडतो, आणि मग वरचा खडा कितीही उत्तम असला तरी तो मृत दिसतो. उष्णतेने लाख मऊ होऊन खडे निखळतात. कुंदनाला पाणी, वाफ अथवा ऊन यांपैकी काहीही दाखवू नये. कोरडा मऊ कुंचला पुरेसा आहे.

घरगुती उपायांचे मोह

आपल्या घरांत चांदी रांगोळीने किंवा दंतमंजनाने आणि पितळ चिंचेने घासण्याची रीत आहे. भांड्यांपुरती ती योग्यच आहे. परंतु रांगोळी ही दगडाचीच भुकटी, आणि दंतमंजनात किंवा टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात. मऊ खड्याची झिलई त्यांनी कायमची जाते. खाण्याचा सोडाही या कामी वापरू नये. चांदी क्षणात उजळविणारे जे द्रव बाजारात मिळतात, त्यांत बहुधा आम्ल असते. खडे जडविलेली चांदी त्यांत कदापि बुडवू नये. अशा वेळी कापडाच्या टोकाने केवळ धातूचा भाग पुसावा.

सराफांच्या पेढ्यांवर ध्वनिलहरींनी दागिने साफ करणारी यंत्रे असतात. अखंड सोन्याच्या बांगड्यांना ती उत्तम. मोती, पोवळे, पेरोज, ओपल, लाजवर्द, चंद्रकांत तसेच तडे असलेला किंवा तेल, मेण, राळ भरलेला कोणताही खडा मात्र त्या यंत्रात जाऊ देऊ नये. दागिना काउंटरवर ठेवतानाच तसे स्पष्ट सांगावे.

लग्नघरातील पथ्ये

दागिन्यांची सर्वाधिक हानी होते ती लग्नसराईत, कारण तेव्हा ते सर्वाधिक वापरले जातात. हळदीच्या समारंभात मोती, पेरोज व पोवळे अंगावर नसावेत. हळदीचा डाग सच्छिद्र खड्यातून जात नाही. अत्तर, केसांचा फवारा, पावडर हे सर्व आटोपल्यावर दागिने घालावेत आणि घरी परतताच प्रथम ते उतरवावेत. ओवलेल्या माळा वर्षातून एकदा तपासाव्यात. मणी दोऱ्यावर सैल सरकू लागले किंवा दोरा काळवंडला, तर माळ पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावी. दोन मण्यांमध्ये गाठ असलेली माळ तुटली तरी एखादाच मणी निसटतो, आणि मण्यावर मणी घासतही नाही.

अंगठी कानाजवळ धरून हलक्या बोटाने टिचकी मारावी. आतून किंचितही खडखड ऐकू आली तर खडा सैल झाला आहे असे समजून ती त्वरित सराफाकडे न्यावी.

लॉकरमध्ये ठेवताना

बँकेचा लॉकर चोरीपासून संरक्षण देतो. ओरखडे, दमटपणा अथवा कोरडेपणा यांपासून नव्हे. त्याची व्यवस्था ग्राहकांनीच करावयाची असते. प्रत्येक दागिना स्वतंत्र मऊ पिशवीत किंवा मलमलीत गुंडाळून ठेवावा. एकाच डबीत ठेवलेला पुष्कराज शेजारच्या मोत्यावर सहज ओरखडे पाडतो. रबरबँड मुळीच वापरू नये, कारण रबरातील गंधकाने चांदी काळी पडते. आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या चांदीसाठी उपयुक्त आहेत. मोती आणि ओपल यांच्या डबीत मात्र त्या ठेवू नयेत. मोती हवाबंद प्लॅस्टिकमध्येही वर्षानुवर्षे कोंडू नयेत. वर्षातून किमान दोनदा, विशेषतः पावसाळा संपल्यावर, लॉकर उघडून दागिने पाहावेत. वापरात राहिलेला मोती पेटीत विसरलेल्या मोत्यापेक्षा अधिक काळ सतेज राहतो, हा जुन्या सराफांचा अनुभव आहे.

रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील ऐवजाची हानी झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. आत काय ठेवले आहे याची नोंद बँकेकडे नसते. म्हणून दागिन्यांची यादी, छायाचित्रे आणि खरेदीच्या पावत्या घरी जपून ठेवाव्यात आणि लॉकरसाठी नामनिर्देशन अवश्य करावे.

आणखी एक बाब ग्राहकांच्या ध्यानात आणून देणे उचित ठरेल. सोनेतारण कर्जासाठी दागिना आणला जातो, तेव्हा मूल्यांकन केवळ सोन्याचे होते. खड्यांचे वजन वजा केले जाते. सोन्यावरील हॉलमार्कही केवळ धातूच्या शुद्धतेची ग्वाही देतो, खड्याची नव्हे. खडा अस्सल आहे काय, त्याला रंग दिला आहे काय, तो तापविलेला अथवा भरलेला आहे काय, हे खरेदीच्या वेळीच विचारून पावतीवर लिहून घ्यावे. शंका असल्यास जयपूर, मुंबई अशा शहरांतील रत्नपरीक्षण प्रयोगशाळांतून तपासणी करून घेता येते. ही माहिती केवळ फसवणूक टाळण्यासाठी नव्हे. पुढे त्या खड्याची सफाई कशी करावी, हेही तिच्यावरच अवलंबून असते.

डबीतील चिठ्ठी

आजीची माळ पुढे एका जाणत्या सराफाने कारागिराकडून पुन्हा घासून आणली. झिलई बरीचशी परतली. पण आम्लाने खाल्लेला थर काढावा लागल्याने प्रत्येक मणी केसभर लहान झाला. त्या मण्यांवर आजीच्या हातांनी जपलेला जो पृष्ठभाग होता, तो मात्र गेला.

त्यानंतर आईने एक काम केले. घरातील प्रत्येक दागिना समोर ठेवून तिला जे जे ठाऊक होते ते तिने सांगितले आणि आम्ही ते लहान चिठ्ठ्यांवर लिहून घेतले : दागिना कोणाचा, खडा कोणता, कोठून घेतला, शेवटचा केव्हा गाठविला, पाणी चालते किंवा नाही. एकेक चिठ्ठी एकेका डबीत गेली. जे तिला आठवले नाही ते सराफाला विचारून लिहिले. या कामाला दोन दुपारी लागल्या आणि खर्च काहीच आला नाही.

यंदा लॉकर उघडाल तेव्हा आपणही असे अवश्य करावे. दागिने वारशाने मिळतात. त्यांची निगा राखण्याचे ज्ञान मात्र कोणी सांगितले तरच मिळते, आणि सांगणारी माणसे कायम आपल्याजवळ असतातच असे नाही. मागील वर्षी घरात नवी सून आली, तेव्हा आईने ती माळ तिच्या हाती दिली. डबीतील चिठ्ठीवर आईच्या किंचित थरथरत्या अक्षरात एवढेच आहे : "पोवळी. सासूबाईंची. ओल्या फडक्याने पुसावीत, पाण्यात घालू नयेत. लिंबू तर नाहीच."